अर्धशिशी : एक नाव, दोन व्याधी

मराठी माणसाच्या डोक्याची एक बाजू दुखू लागली की त्या दुखण्यास तो ‘अर्धशिशी’ म्हणतो. आणि एकदा हे नाव दिले गेले म्हणजे दुखण्याची ओळख पटली असे घरच्यांस, आणि पुष्कळदा उपचार करणारासही, वाटू लागते. या एका नावाखाली निदान दोन अगदी भिन्न व्याधी नांदत आहेत, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्यांपैकी एकीस आधुनिक वैद्यक ‘मायग्रेन’ म्हणते व दुसरीस ‘क्लस्टर’ जातीची डोकेदुखी म्हणते. दोहींचे उपचार निराळे आहेत आणि एकीचे औषध दुसरीस बहुधा लागू पडत नाही. दुसऱ्या व्याधीचा रोगी योग्य निदान होईपर्यंत वर्षानुवर्षे मायग्रेनच्या, सायनसच्या अथवा दाताच्या उपचारांत फिरत राहतो, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळून आले आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असून वैद्यक नव्हे. तथापि हा घोटाळा बऱ्याच अंशी नावाचा व वर्णनाच्या भाषेचा आहे. तेव्हा या पत्रिकेत त्याचा विचार अस्थानी ठरू नये.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘अर्धशिशी’ यातील उत्तरपद संस्कृत ‘शीर्ष’, प्राकृत ‘सीस’ यावरून आलेले आहे. ‘इ’काराच्या सान्निध्यात ‘स’चा ‘श’ करण्याची मराठीची खोड ‘शिंग’, ‘शिवणे’ इत्यादी शब्दांत दिसते, तीच येथेही आहे. अर्ध्या भरलेल्या बाटलीशी या शब्दाचा काही संबंध नाही, हे मुलांस सांगावे लागते, इतके त्याचे मूळ आता झाकले गेले आहे. हिंदीतील ‘आधासीसी’ व ‘अधकपारी’, गुजरातीतील ‘आधाशीशी’, बंगालीतील ‘आधकपाले’ ही त्याचीच भावंडे होत. कानडी भाषा द्राविडी कुळातील, पण तीही ‘अरेतलेनोवु’ म्हणजे ‘अर्ध्या डोक्याचे दुखणे’ असेच म्हणते. तमिळ ‘एकेरी डोकेदुखी’ म्हणते. अरबीतून उर्दूत आलेला ‘शकीका’ हा शब्द दुभंगणे या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. खुद्द ‘मायग्रेन’ हा शब्दही याच पंक्तीतील आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने वापरलेला ‘हेमिक्रानिया’ म्हणजे ‘अर्धी कवटी’ हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमध्ये जाताना पहिले अक्षर गाळून बसला, आणि उरलेल्या भागाचे ‘मिग्रेन’ झाले. वैद्य ज्यास परका व शास्त्रीय शब्द समजून वापरतो, त्याचा अर्थ आजीच्या तोंडच्या ‘अर्धशिशी’हून तिळमात्र निराळा नाही.

इतक्या भाषांनी या दुखण्यास स्थानावरून नाव द्यावे हे स्वाभाविकच होय. दुखते कोठे, हे रोगी हाताने दाखवू शकतो. परंतु प्रस्तुत दोन व्याधी नेमक्या स्थानाच्याच बाबतीत एकमेकींशी जुळतात आणि काळाच्या व वर्तनाच्या बाबतीत एकमेकींपासून फारकत घेतात. त्यामुळे स्थानवाचक नाव हे येथे भेद दाखविण्याऐवजी भेद झाकण्याचे काम करते.

दुखण्यास काळावरून नाव देण्याची रीत आपल्या परंपरेत नव्हती असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांत ‘अर्धावभेदक’ हे नाव स्थानावरून पडलेले आहे. पण त्याच यादीत ‘सूर्यावर्त’ असाही एक रोग आहे. सूर्योदयाबरोबर डोळा व भिवई येथे मंद दुखू लागते, सूर्य चढतो तसे ते चढते आणि सूर्य ढळला की ओसरते, असे त्याचे वर्णन आहे. म्हणजे नाव ठेवताना शास्त्रकारांनी येथे घड्याळाकडे पाहिले. एवढेच नव्हे, अर्धावभेदकाच्या वर्णनातही तो पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उठतो, अशी काळाची नोंद आहे. मराठीने पुढे यांपैकी स्थानाचे नाव तेवढे घराघरांत नेले. काळाचे नाव वैद्यांच्या ग्रंथांतच राहिले. सूर्यावर्त म्हणजेच क्लस्टर, असे समीकरण मांडण्याचा मोह काहींस होतो. तो आवरलेला बरा. क्लस्टरचे झटके पुष्कळदा मध्यरात्री येतात, दिवस चढण्या-उतरण्याशी त्यांचे नाते नसते, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या वर्णनावर आजचे नाव चिकटविल्याने दोहोंपैकी एकाचेही ज्ञान वाढत नाही. जुन्या शास्त्रकारांची दृष्टी तेवढी घेण्यासारखी आहे.

आता दोन्ही व्याधींची लक्षणे पाहू. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्थेने १९८८ साली डोकेदुखीचे वर्गीकरण प्रथम प्रसिद्ध केले व २०१८ साली त्याची तिसरी आवृत्ती काढली. पुढील काल-मर्यादा त्या वर्गीकरणास अनुसरून आहेत.

मायग्रेनचा झटका उपचाराविना चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत, म्हणजे पुरते तीन दिवसही, टिकतो. दुखणे बहुधा एका बाजूस व नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकणारे असते. जिना चढणे, वाकणे यांसारख्या साध्या हालचालीनेही ते वाढते. मळमळते, ओकारी होते, उजेड व आवाज नकोसा होतो. सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यातील रोग्यांस दुखण्यापूर्वी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, अथवा हाता-तोंडास मुंग्या येतात. हा प्रकार पाच मिनिटे ते तासभर चालतो. उपास, जागरण, ऊन, मासिक पाळी ही निमित्ते सर्वपरिचित आहेत. स्त्रियांत हे दुखणे पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळते, आणि एकूण लोकसंख्येत सात माणसांमागे सुमारे एकास ते असते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘अर्ध’ हे नाव असूनही पुष्कळ रोग्यांचे डोके दोन्ही बाजूंस दुखते, आणि ज्यांचे एकाच बाजूस दुखते त्यांची बाजूही वेळोवेळी बदलते. म्हणजे जे दुखणे या नावाचे खरे धनी, त्यासही हे नाव पुरतेपणी लागू पडत नाही.

क्लस्टरचा झटका याच्या तुलनेने आखूड असतो. पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत. तो एका डोळ्यात, डोळ्याच्या वर किंवा कानशिलात उठतो, काही मिनिटांतच शिखरास पोहोचतो आणि बहुतेक वेळा जन्मभर एकच बाजू धरून राहतो. त्याच बाजूचा डोळा लाल होतो व त्यातून पाणी गळते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते अथवा वाहते, पापणी सुजते किंवा खाली उतरते, बाहुली बारीक होते, कपाळावर घाम येतो. दिवसाआड एकापासून दिवसाला आठपर्यंत असे झटके येऊ शकतात, आणि हे सत्र काही आठवडे ते काही महिने चालते. मग सर्व शांत. रोगी महिनोन् महिने, कधी वर्ष-दोन वर्षे, पूर्ण निरोगी असतो. त्यानंतर पुष्कळदा त्याच ऋतूत सत्र पुन्हा सुरू होते. दहांतील एक-दोघांस मात्र ही विश्रांती लाभत नाही. झटक्याची वेळही बांधलेली असते. झोप लागल्यावर तासा-दीड तासाने, रोज त्याच सुमारास, रोगी दचकून उठतो. सत्र चालू असता मद्याचा एखादा घोट झटका आणण्यास पुरतो. सत्र नसताना तेच मद्य काही करीत नाही. हे दुखणे हजारात सुमारे एकास होते. ते पुरुषांत अधिक, हे खरे; परंतु पूर्वी पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या पाच-सहापट मानीत, ते अलीकडच्या पाहण्यांत दोन-तीनपटींपर्यंत खाली आले आहे. स्त्रीचे डोके दुखते म्हणजे मायग्रेनच, अशी समजूत असल्यामुळे कित्येक स्त्रिया या गणनेतून निसटल्या असाव्यात.

वेदनेच्या तीव्रतेविषयी अधिक लिहिण्यात अर्थ नाही. प्रसूतिवेदना व हे दुखणे ही दोन्ही अनुभवलेल्या स्त्रियांपैकी बहुतेक जणी हेच अधिक असह्य असल्याचे सांगतात, आणि इंग्रजीत यास आत्महत्येच्या नावाने ओळखण्याची जी रूढी पडली, ती केवळ अलंकारिक नव्हे.

येथे कोणी म्हणेल, लक्षणे इतकी भिन्न असता घोटाळा होतो कसा? पहिले कारण असे की कोणतेही एक लक्षण घेतले तर ते दोन्हीकडे सापडते. मायग्रेनच्या रोग्याच्याही डोळ्यांस पाणी येते व नाक चोंदते, जरी ते बहुधा सौम्य व दोन्ही बाजूंस असते. क्लस्टरच्या रोग्यासही मळमळ होते, उजेड खुपतो. निर्णय एका लक्षणावर होत नाही, सर्व लक्षणांच्या जुळणीवर होतो. दुसरे कारण असे की वैद्याने झटका स्वतः पाहिलेला नसतो. तो आखूड असल्याने रोगी दवाखान्यात पोहोचेपर्यंत ओसरलेला असतो, आणि वैद्यापुढे उरते ते केवळ रोग्याचे निवेदन. हे निवेदन मराठीत होते, आणि मराठीची काही वळणे येथे आडवी येतात. यांचा विचार थोडा विस्ताराने करणे अवश्य आहे.

रोगी म्हणतो, “दोन महिने माझं डोकं दुखत होतं.” या वाक्यातील ‘दुखत होते’ हे अपूर्ण भूतकाळाचे रूप आहे. साठ दिवस अखंड चाललेले दुखणे आणि साठ दिवस रोज रात्री एक वाजता पाऊण तास झालेले दुखणे, या दोहोंसही मराठी बोलणारा हेच रूप वापरतो. रीतिवाचक ‘दुखत असे’ हे रूप अधिक नेमके आहे. पण ते आता लिहिण्यात उरले असून बोलण्यात क्वचितच येते. ऐकणारा वैद्य पहिला अर्थ घेतो, आणि दोन महिने सलग दुखणारे डोके क्लस्टरच्या कोणत्याच व्याख्येत बसत नसल्यामुळे त्याचा विचार दुसरीकडे वळतो. म्हणून ‘किती दिवस दुखते?’ हा प्रश्न येथे जवळजवळ निरुपयोगी होय. ‘एकदा दुखू लागले म्हणजे घड्याळात किती वेळ दुखते, आणि मधल्या वेळेत डोके अगदी मोकळे असते काय?’ असे दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

दुसरी अडचण अनुस्वाराची आहे. ‘डोळ्यातून पाणी येते’ आणि ‘डोळ्यांतून पाणी येते’ ही दोन वाक्ये लेखनात भिन्न आहेत. एकात एक डोळा, दुसऱ्यात दोन. प्रमाण मराठीच्या उच्चारात मात्र हा अनुस्वार ऐकू येत नाही. शाळेत शुद्धलेखनाचे गुण जाण्यापलीकडे या अनुस्वारास काही किंमत आहे असे आपणांस सहसा वाटत नाही. पण निदानाचा निम्मा भार ज्या भेदावर आहे तो हाच: अश्रू एका डोळ्यातून की दोन्ही डोळ्यांतून. शिवाय ‘डोळ्याला पाणी आले’ याचा ‘वेदनेने रडू आले’ असा अर्थ मराठी माणूस चटकन घेतो, व ऐकणारा ते लक्षण न समजता दुःखाची खूण समजून सोडून देतो. नाकाचेही तसेच. नाक वाहते म्हटले की ‘सर्दी’, आणि सर्दीबरोबर कपाळ दुखले की ‘सायनस’. वास्तविक सायनस हे कवटीतील पोकळ्यांचे नाव असून ते प्रत्येकास असतात. परंतु ‘मला सायनस आहे’ हे वाक्य आता मराठीत रोगाचे नाव म्हणून रुळले आहे, आणि क्लस्टरचे कित्येक रोगी या एका वाक्याच्या आडोशाला वर्षे काढतात. वरच्या दाढेत कळ उतरते म्हणून निरोगी दाढ काढून घेतलेल्या रोग्यांच्या हकीगती वैद्यकीय वाङ्मयात ठिकठिकाणी नमूद आहेत.

हे झाले अडचणींविषयी. मराठीचे एक वळण मात्र या कामी इतके उपयोगी आहे की त्याकडे वैद्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. मराठी व्याकरणकार ज्यास ‘शक्य क्रियापद’ म्हणतात, त्याचे नकारार्थी रूप आजारी माणसाच्या तोंडी सहज येते: ‘मला चालवत नाही’, ‘बोलवत नाही’, ‘गिळवत नाही’. मायग्रेनचा रोगी सांगतो, ‘मला हलवत नाही, उजेडाकडे बघवत नाही, कोणाशी बोलवत नाही.’ तो खोलीची दारे लावून, डोक्यावर पांघरूण घेऊन निपचित पडतो. क्लस्टरचा रोगी याच्या नेमके उलट सांगतो, ‘मला निजवत नाही, बसवत नाही, एका जागी राहवत नाही.’ तो येरझारा घालतो, डोळा तळहाताने दाबतो, पुढेमागे झुलतो, भिंतीवर डोके आपटतो. ही अस्वस्थता केवळ तीव्र वेदनेचा परिणाम नसून या व्याधीचे स्वतंत्र लक्षण मानलेली आहे, आणि उपरोक्त वर्गीकरणातही तिला स्थान आहे. रोग्यास ‘कसे दुखते?’ असे विचारण्याऐवजी ‘दुखत असता तुम्हांस काय करवत नाही?’ एवढेच विचारून पाहावे. कोणती क्रियापदे येतात त्यावरून पुष्कळसा उलगडा होतो. रोग्याच्या पत्नीस वा आईस हाच प्रश्न विचारला तर उत्तर अधिक स्पष्ट मिळते, कारण येरझारा त्यांनी पाहिलेल्या असतात.

वेदनेच्या विशेषणांवर मात्र फारसा भरवसा ठेवता येत नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनावाचक ७८ इंग्रजी शब्द वीस गटांत लावून एक प्रश्नावली सिद्ध केली. ती जगभर वापरली जाते. मराठीचा संग्रहही तोकडा नाही: ठणका, कळ, सणक, तिडीक, चमक, ठसठस, भणभण, आग, शूळ. यांपैकी ‘ठणका’ मायग्रेनकडे आणि ‘सळई खुपसल्यासारखे’ हे क्लस्टरकडे बोट दाखविते, एवढे खरे. पण एकाची सणक ती दुसऱ्याची तिडीक असते, आणि कोकणातील माणूस ज्या शब्दाने सांगेल त्याने विदर्भातील सांगेलच असे नाही. घड्याळाचे काटे मात्र दोन्हीकडे सारखे फिरतात.

उपचारांविषयी जे लोकमत बनते त्यातही काळाचाच खेळ आहे. अर्धशिशीवर पहाटे सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खावी, सुंठ उगाळून लेप द्यावा, असे उपाय आपल्याकडे प्रसिद्ध आहेत. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. उपाशी पोटी उठणाऱ्या मायग्रेनला सकाळच्या खाण्याने आराम पडणे असंभवनीय नाही. परंतु क्लस्टरचा झटका तासाभरात आपणहून थांबतो. पहिली वीस मिनिटे रोगी नुसता तळमळतो, मग कोणी लेप देते, कोणी गोळी देते, आणि पुढच्या अर्ध्या तासात दुखणे थांबते. श्रेय लेपास जाते. पोटात घेतलेली साधी वेदनाशामक गोळी रक्तात उतरून काम करू लागेपर्यंत झटका पुष्कळदा संपत आलेला असतो. पुढे सत्रही आपणहून संपते, आणि त्या आठवड्यात जो चष्मा बदलला असेल, जे दैवत केले असेल, जे औषध चालू असेल, त्याची ख्याती होते. वर्षाने सत्र परत येते तेव्हा तोच उपाय का चालत नाही, हे कोणास कळत नाही.

ही घड्याळासारखी नियमितता येते कोठून? मेंदूच्या तळाशी ‘हायपोथॅलॅमस’ नावाचा एक लहानसा भाग आहे. झोप-जागेचे, शरीराच्या उष्णतेचे व ग्रंथींच्या स्रावांचे दैनिक चक्र त्याच्या स्वाधीन असते. १९९८ साली लंडन येथील संशोधकांनी झटका चालू असता मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा याच भागाच्या मागील अंगास क्रिया वाढलेली दिसली. चेहऱ्याची संवेदना वाहणारी त्रिशाखी मज्जातंतूची शाखा चेतविली जाते, आणि तिच्याशी जोडलेल्या प्रतिक्षिप्त मार्गाने त्या बाजूचे अश्रू व नाक वाहू लागते. मायग्रेनमध्येही हाच तंतू गुंतलेला असतो, आणि दोन्ही व्याधींत ‘सीजीआरपी’ नावाचे एक द्रव्य त्या तंतूंतून स्रवते. या संशोधनाबद्दल एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ व ओलेसेन या चौघांस २०२१ सालचे ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले. म्हणजे दोन्ही व्याधी परस्परांच्या दूरच्या नातलग आहेत, यात शंका नाही. पण नातलगांस एकच औषध लागू पडते असे नाही.

क्लस्टरचा झटका थांबविण्याचा सर्वांत निर्धोक उपाय प्राणवायू हा होय. तो शुद्ध स्वरूपात, मिनिटास बारा ते पंधरा लिटर या वेगाने, श्वास परत मिसळू न देणाऱ्या मुखवट्यातून पंधरा मिनिटे घ्यावा लागतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील प्रयोगात अशा प्राणवायूने ७८ टक्के झटक्यांत पंधरा मिनिटांत आराम पडला, तर साध्या हवेने २० टक्क्यांत. मायग्रेनच्या नेहमीच्या उपचारांत प्राणवायूस स्थान नाही. म्हणजे निदान चुकले तर हा उपाय कोणास सुचणारच नाही. २०२१ सालच्या साथीनंतर प्राणवायूची यंत्रे अनेक घरांत पोहोचली आहेत, परंतु हवेतून प्राणवायू काढणारी घरगुती यंत्रे बहुधा मिनिटास पाच किंवा दहा लिटरच देतात, व तेवढा वेग येथे पुरत नाही, नळकांडेच लागते. या रोग्यांत धूम्रपान करणारे पुष्कळ असतात, आणि प्राणवायूजवळ विडी पेटविणे म्हणजे आगीस निमंत्रण. दुसरा उपाय सुमाट्रिप्टान या औषधाच्या टोचणीचा. तेच औषध मायग्रेनमध्ये गोळीच्या रूपाने चालते, क्लस्टरमध्ये गोळी उशिरा पोहोचते. आणि हृदयरोग असणारास ते कोणत्याच रूपात देता येत नाही. सत्र आटोक्यात ठेवण्यासाठी व्हेरापामिल देतात, पण त्याची मात्रा वाढविताना हृदयाचा आलेख वेळोवेळी काढावा लागतो. मायग्रेनच्या प्रतिबंधासाठी प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट अशी औषधे वापरतात. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातील निम्मे दिवस घेत राहिल्यास त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते, हे मायग्रेनच्या रोग्याने विसरू नये. ही सर्व औषधे वैद्याच्या देखरेखीखाली घेण्याची आहेत, हे वेगळे सांगावयास नको.

या दोहोंपलीकडेही एका बाजूची दुखणी आहेत. क्लस्टरसारखीच पण दोन ते तीस मिनिटांची व दिवसात अधिक वेळा येणारी एक डोकेदुखी १९७४ साली नॉर्वेतील श्यास्टाड व डाले यांनी वर्णिली. ती इंडोमेथॅसिन या एकाच औषधाने पूर्णपणे थांबते. चेहऱ्यावर विजेसारखी काही सेकंद चमकून जाणारी कळ त्रिशाखी तंतूची असते. लाल डोळा, धूसर दृष्टी व दिव्याभोवती वलये ही काचबिंदूची लक्षणे असू शकतात. क्षणार्धात कमाल पातळी गाठणारी, तापाबरोबर मान ताठ करणारी, हातापायांतील शक्ती नेणारी, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवणारी डोकेदुखी असेल तर नावाची चर्चा बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता नावाकडे परत येऊ. युरोपीय वैद्यकासही हे नाव सहजासहजी सापडलेले नाही. रेम्ब्रांटच्या प्रसिद्ध चित्रात शवविच्छेदन करताना दिसणारे आम्स्टरडॅमचे वैद्य टुल्प यांनी १६४१ साली, रोज ठरलेल्या वेळी येऊन दोन तासांच्या आत जाणाऱ्या डोकेदुखीचा एक रोगी वर्णिला होता. पण त्या नियमिततेवरून तेव्हा कोणी नाव ठेवले नाही. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या रॉम्बर्ग यांनी डोळ्यातील मज्जातंतूवरून नाव दिले, म्योलेनडॉर्फ यांनी चेहऱ्याच्या लालीवरून. लंडनच्या विल्फ्रेड हॅरिस यांनी १९२६ साली ‘मायग्रेनसदृश तंतुशूल’ म्हणून दोन्ही दगडांवर पाय ठेवला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टन यांनी १९३९ साली या व्याधीचे सविस्तर वर्णन केले व पुढे हिस्टामिन या द्रव्यावरून तिला नाव दिले. ती कारणमीमांसा टिकली नाही, आणि तिच्याबरोबर नावही गेले. १९५२ साली कंकल व त्यांचे सहकारी यांनी झटके पुंजक्याने येतात एवढीच गोष्ट धरून ‘क्लस्टर’ हा शब्द योजिला. स्थान, रंग व कारण यांवरून पडलेली नावे मागे पडली आणि काळावरून पडलेले तेवढे राहिले.

मराठीत यास काय म्हणावे? ‘गुच्छ डोकेदुखी’ असे शब्दशः भाषांतर अधूनमधून दिसते. ते मला त्याज्य वाटते, कारण गुच्छ जागेत असतो, काळात नव्हे; ऐकणारास डोक्यात गाठींचा घोस असल्याचा भास होतो, आणि आधीच घाबरलेला रोगी अर्बुदाच्या भीतीने अधिक घाबरतो. ठरावीक वेळी येणाऱ्या तापास ‘पाळीचा ताप’ म्हणण्याची जुनी वहिवाट आहे. तिच्यावरून ‘पाळीची डोकेदुखी’ हा शब्द सुचतो व मराठीच्या वळणाचाही आहे. परंतु ‘पाळी’ म्हटले की आज मासिक पाळीच समजली जाते, आणि मासिक पाळीशी बांधलेली डोकेदुखी तर मायग्रेनची. ज्या दोन व्याधी निवडून काढावयाच्या त्यांचीच गाठ हा शब्द पुन्हा मारून देईल. ‘टायफॉइड’ व ‘डेंग्यू’ हे शब्द ज्या भाषेने बिनतक्रार पचविले तिला ‘क्लस्टर’ जड जाणार नाही. त्याच्या जोडीला दोन मराठी शब्द मात्र नेटाने वेगळे राखावेत: तास-दीड तासाचे दुखणे तो ‘झटका’, आणि आठवड्यांची त्याची मालिका ते ‘सत्र’. रोगी ‘माझे सत्र आश्विनात सुरू झाले, रोज रात्री एक झटका येतो, पाऊण तास टिकतो, उजवा डोळा गळतो आणि मला बसवत नाही’ असे एक वाक्य बोलू शकला, तर वैद्यास पुढे विचारावयाचे फार थोडे उरते.